वाकडा दस्ता

"डोळे मिटा," ओस्विन म्हणाला.

प्रिमुसने मिटले.

"आता बंदूक खांद्याला लावा. गाल लाकडावर टेकू द्या. शोधू नका, सहज येऊ द्या. हं. उघडा डोळे."

प्रिमुसने डोळे उघडले. ओस्विन नळीसमोर चार पावलांवर गुडघ्यांत वाकून उभा होता आणि नळीवरून प्रिमुसच्या उजव्या डोळ्यात बघत होता. बंदूक रिकामी असल्याचं आम्ही तिघांनी एकेकदा उघडून पाहिलं होतं. आमच्या बंदूकवाल्यांच्या गावात त्याशिवाय कोणी नळीसमोर उभं राहत नाही. डोळा नळीच्या टोकावरच्या माशीच्या, म्हणजे नेम धरायच्या खुणेच्या, बरोबर मागे होता. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. ओस्विनच्या हातचे लाकडी दस्ते मी अठ्ठावीस वर्षं बघत आले आहे, पण इतका चोख बसलेला मीही पाहिला नव्हता.

"दिसते माशी?" त्याने विचारलं.

"नाही मिस्त्री," प्रिमुस म्हणाला. "नाही दिसत."

ओस्विन उठला, त्याने गुडघे चोळले आणि माझ्याकडे बघितलं. मी माझ्या कामात मान घातली. मी नक्षीवाली, त्याच्या शेजारच्या बाकावर बसून लोखंडावर हरणं आणि ओकची पानं कोरते. लाकूड त्याचं, लोखंड माझं, आणि गिऱ्हाईक दोघांचं. पण हे गिऱ्हाईक तिसऱ्यांदा आलं होतं आणि तिसऱ्यांदा तेच सांगत होतं. आधीच्या दोन वेळी ओस्विनने गालाची जागा पत्र्याइतकी खरवडली होती आणि खांद्याची टेकण बदलली होती. समोरून बघावं तर सगळं जागच्या जागी, आणि ज्याच्यासाठी केलं त्याला माशी सापडत नाही. हे गणित काही केल्या सुटत नव्हतं.

"मान वाकडी करू नका म्हणून किती वेळा सांगू?" ओस्विन म्हणाला. "तुम्ही डोकं लाकडावरून पलीकडे नेता. नीट धरा की."

"नीटच धरलंय."

"मग दिसत का नाही?"

प्रिमुसने बंदूक बाकावर ठेवली आणि टोपीची कड बोटांनी फिरवत उभा राहिला.

प्रिमुस कोगलरला आमच्याकडे कोण ओळखत नाही? जहागिरीच्या रानाचा तो एकतीस वर्षं राखणदार होता. वय आता एकाहत्तर. गावातल्या निम्म्या शिकाऱ्यांना नेम धरायला त्यानेच शिकवलेलं. निवृत्त झाला तेव्हा जहागिरीने त्याला एक मान दिला, दर वर्षी मे महिन्यात रानातला हरणाचा एक नर त्याने मारायचा. हा मान आमच्याकडे लहान नाही. मांस जहागिरीला जातं, शिंगं माणसाच्या भिंतीवर राहतात. प्रिमुसच्या भिंतीवर अशी अकरा होती आणि बारावं येत्या मे महिन्यात यायचं होतं. त्यासाठी बंदूक तयार हवी होती.

आणि बंदूक तरी काय? जोडबंदूक, वरच्या नळीत छर्रे, खालच्या नळीत गोळी. ज्याला दोन बंदुका परवडत नाहीत त्याने एकीत ससाही बघावा आणि हरणही, म्हणून युद्धाच्या आधी कारखान्यातून शेकड्यांनी निघालेली. तिच्यावर नक्षी नाही, चांदी नाही. मला तर तिला हात लावायचं कारणच नव्हतं. जानेवारीत प्रिमुस तिला गोणपाटात गुंडाळून घेऊन आला तेव्हा गल्लीतले लोक म्हणाले, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ओस्विनसारख्या माणसाकडून अक्रोडाचा दस्ता करून घ्यायचा, तोही हिला!

दस्ता मोडला होता तो असा. वर्षभरापूर्वी प्रिमुसची बायको बुर्गा गेली. डिसेंबरात तिच्या थडग्याकडून रानात जाताना बर्फावर पाय घसरला आणि हा बंदुकीवर पडला. मुठीशी लाकूड उभं चिरलं. डिंकाने ते चिकटतं, पण पहिल्या बारालाच पुन्हा उघडतं.

तो जुना दस्ता मी हातात घेऊन पाहिला होता. बीचच्या लाकडाचा, घरी केलेला, आणि वाकडा. थोडाथोडका नव्हे. मुठीपासून मागे जाताना तो उजवीकडे असा वळला होता की बंदूक टेबलावर ठेवली तर नळी एकीकडे बघायची आणि दस्ता दुसरीकडे.

"कोणी केलाय हा?" ओस्विनने तेव्हा विचारलं.

"बुर्गानं," प्रिमुस म्हणाला.

आम्ही हसलो. सगळं गाव हसायचं, त्यात नवीन काही नव्हतं. बुर्गा बर्फावरच्या घसरगाड्या करणाऱ्याची मुलगी. तिच्या बापाच्या गाड्या डोंगराच्या दोन्ही बाजूंना नावाजलेल्या. शिकाऱ्यांच्या जेवणाला ती चीज-पुदिन्याचे कानवले करून आणायची आणि त्यांची मुरड अशी सुबक असायची की बायका घरी जाऊन आपल्या मुलींना बोलायच्या. आमच्याकडे म्हणतात, जिला मुरड जमत नाही तिला नवरा मिळत नाही. तर पुरुष बुर्गाला चिडवायचे, "मुरड घालायच्या हातानं दस्ता केलास, म्हणून दस्त्यालाही मुरड पडली." ती पण हसायची. "माझा हातच तिरका," म्हणायची आणि ताट पुढे करायची. मला मात्र हे कोडं होतं. ज्या बाईच्या हातून कानवल्याची कड चुकत नाही, तिच्या हातून लाकूड एवढं कसं चुकलं?

"पहिल्यासारखा करा," प्रिमुस जानेवारीत एवढंच म्हणाला होता. आता गंमत अशी की प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणतं आणि पहिल्यासारखा कुणालाच नको असतो. ओस्विनने लांबी घेतली, उंची घेतली आणि वाकडेपणा सोडून दिला. त्याच्या घराण्यात चार पिढ्यांत वाकडा दस्ता बाहेर पडलेला नव्हता. मुलीच्या लग्नात जावयाच्या बंदुकीसाठी म्हणून ठेवलेली अक्रोडाची एक फळी माळ्यावर सतरा वर्षं वाळत होती. मुलगी ग्राट्‌झला गेली आणि तिने बंदुकीचा तिटकारा असलेला शिक्षक नवरा केला. ती फळी ओस्विनने खाली काढली.

मी म्हटलं, "अरे, या बंदुकीला?"

"बंदूक साधी आहे," तो म्हणाला. "माणूस साधा नाही. चाळीसवर वर्षं वाकड्या लाकडानं मारत आला. एकदा तरी सरळ मिळू दे त्याला."

आणि मग त्याने, आमच्याकडे सगळे मिस्त्री करतात तेच केलं. जुना दस्ता पेटवला. आमच्या गावाची ही रीतच आहे. लोखंड नव्या लाकडात बसवताना त्याला काजळी फासतात आणि लाकडावर दाबतात. जिथे काळा डाग उठतो तिथे लाकूड टेकतंय असं समजून तेवढंच कोरायचं, पुन्हा फासायचं, पुन्हा दाबायचं. शंभर वेळा, दोनशे वेळा. ही काजळी धरायची ती त्याच बंदुकीचा जुना दस्ता जाळून. जुन्याची काजळी लागली म्हणजे नव्याला आपली जागा कळते, असं जुने लोक म्हणत. बुर्गाचा दस्ता चांगला कोरडा होता. अर्ध्या तासात जळाला आणि पत्र्याच्या डबीत काजळी जमली.

तर असं ते तिसऱ्या खेपेपर्यंत येऊन अडलं होतं. ओस्विन वैतागून बाहेर पाइप ओढायला गेला. प्रिमुस खुर्चीत बसला. मला त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. एवढं सुंदर काम आणि माणूस साधं बरं म्हणत नाही! काहीतरी बोलायचं म्हणून मी माझ्या बाकावरचं बंदुकीचं एक लोखंडी झाकण त्याच्याकडे दिलं. त्यावर मी धावणारी हरिणी कोरली होती, नखाएवढी.

"बघा तरी, जमलीय का," मी म्हटलं आणि माझं भिंग पुढे केलं.

त्याने भिंग उजव्या हातात घेतलं. आणि तो हात नाकावरून पलीकडे नेऊन त्याने भिंग डाव्या डोळ्याला लावलं.

मी अठ्ठावीस वर्षं लोकांच्या हातात भिंग देते आहे. उजव्या हातात भिंग घेतलेला माणूस ते उजव्याच डोळ्याला लावतो. मी हळूच माझा हात त्याच्या उजव्या डोळ्याजवळ नेला, अगदी जवळ, बोटं हलवली. त्याची पापणी हलली नाही.

"छान आहे," तो म्हणाला. "कान जरा मोठे झालेत."

"प्रिमुस," मी म्हटलं, "कधीपासून?"

त्याने भिंग खाली ठेवलं. मला वाटलं, हा आता उठून जाईल. पण तो खुर्चीतच बसून राहिला. एकोणपन्नास सालापासून, म्हणाला. लाकूडतोडीत लार्चच्या झाडाची एक फांदी सुटून आली आणि डोळ्यावर बसली. बाहेरून काही दिसलं नाही, आतून गेला. लग्नाला चार महिने झालेले. पुढच्या आठवड्यात जहागिरीत राखणदाराच्या जागेसाठी जायचं होतं, जागेबरोबर राहायला घर होतं. एका डोळ्याच्या माणसाला रान कोण राखायला देणार? डाव्या खांद्यावर बंदूक घेऊन पाहिली, पण तो खांदा लहानपणी निखळलेला, बाराचा धक्का सोसेना. तेव्हा बुर्गा म्हणाली, डोळा हलत नसेल तर लाकूड हलवू. बापाच्या घरी घसरगाडीखालच्या लाकडी पट्ट्या वाकवतात तसं तिने कपडे उकळायच्या हंड्यावर लाकूड वाफवलं आणि माळ्याच्या शिडीच्या पायऱ्यांत अडकवून त्याला दगड बांधला. बंदूक उजव्या खांद्याला आणि माशी डाव्या डोळ्यासमोर.

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"ती आणि मी. बस. लोक हसायचे तिला. मी तिथंच उभा असायचो."

दारात ओस्विन उभा होता. त्याने किती ऐकलं ते मला माहीत नाही, पण पाइप विझलेला होता.

प्रिमुस उठला. "मिस्त्री, तुमचं काम फार सुरेख आहे," तो म्हणाला. "सुरुवातीलाच सांगायला हवं होतं मी. जीभ रेटली नाही. तुमची मजुरी देतो. फक्त ते जुनं लाकूड अजून असेल तर मला परत द्या. मी पट्ट्या मारून काहीतरी करीन."

ओस्विनने फळीवरची काजळीची डबी घेतली, झाकण काढलं आणि प्रिमुससमोर धरली. आमच्या गावातल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही.

प्रिमुसने डबीत बघितलं. एक बोट काजळीत टेकवलं आणि ते डाव्या डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. ओस्विनने त्याला पुसायला चिंधी दिली, ती त्याने घेतली नाही. ते बोट तसंच खिशात घालून तो घरी गेला.

त्यानंतर दोन दिवस ओस्विनने काम केलं नाही. बाकाशी बसायचा, उठायचा, माळ्यावर जायचा, हात हलवत खाली यायचा. मला म्हणाला, "गिझी, तो उभा होता इथे, मान वाकडी करत. मी त्याला नीट धरा म्हणून ओरडत होतो." मी म्हटलं, आपल्याला काय स्वप्न पडलं होतं? तो म्हणाला, "तिचं लाकूड सांगत होतं की. एवढं वाकडं कोण चुकून करतं?" मी पण हसलेच होते.

तिसऱ्या दिवशी त्याने अक्रोडाचा दस्ता बंदुकीवरून उतरवला, खुंटीला टांगला आणि प्रिमुसला निरोप धाडला. आता वाकडं काम कसं करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. साठी उलटलेला मिस्त्री, चार गावांत नाव, आणि प्रिमुसला विचारत होता, "तिनं वाफ किती वेळ दिली? दगड केवढा होता?" प्रिमुस आठवून आठवून सांगायचा. वाफ सकाळी दूध काढल्यापासून दुपारच्या घंटेपर्यंत. दगड कोबी दाबायच्या पिंपातला. आणि माप? माप नव्हतं. दूध काढायच्या तिवईवर ती समोर बसायची आणि दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरून लाकडावर बसवायची, मग लाकूड पुन्हा हंड्यावर. मी घरून तिवई आणली. ओस्विन तिच्यावर बसला आणि त्याने प्रिमुसचा चेहरा हातांत धरला. दोन म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत दुपारभर बसले होते आणि मी हरणांची शिंगं कोरत होते. चार फळ्या मोडल्या. पाचवी वळली. बसवताना उरलेली काजळी ओस्विनने त्याच कामाला वापरली, डबी बोटाने निपटून.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी नेम तपासायचा दिवस असतो. रानात जायच्या आधी प्रत्येकाने आपली बंदूक शिकाऱ्यांच्या मंडळासमोर चालवून दाखवायची. सगळं गाव खाणीच्या मैदानात जमतं, सफरचंदाची दारू असते, बायका कानवले आणतात. जहागिरीचा नवा अधिकारी किलियान वही घेऊन बसला होता. प्रिमुसने गोणपाट सोडलं आणि हसण्याची लाट उठली.

"मिस्त्री, हा दस्ता आहे की कोपऱ्यावरून वळून बघायचं यंत्र?" बंदुकांच्या मोठ्या दुकानाचा हुबर्ट म्हणाला. "बुर्गा गेली ती हात तुला देऊन गेली वाटतं."

ओस्विनची दोन गिऱ्हाइकं तिथेच उभी होती. त्यांची लाकडं त्याच्या माळ्यावर वाळत होती. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. हे मी पाहिलं आणि त्यानेही पाहिलं.

"हात चुकला," ओस्विन म्हणाला. "वय झालं."

आमच्या गावात मिस्त्रीने हे वाक्य बोलणं म्हणजे दुकानाला आपण होऊन कुलूप लावणं. मला रडू आलं, आणि मी कानवल्यांवरचा कपडा उगाच नीट करत राहिले.

प्रिमुसने पाच बार काढले. पाचही भोकं तळहाताखाली झाकली जातील इतकी जवळ. हसू थांबलं, पण लोकांच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. प्रिमुसने बंदूक उघडली, काडतुसाचं नळकांडं काढलं आणि वळला.

"याचा हात चुकलेला नाही," तो म्हणाला. "माझा उजवा डोळा एकोणपन्नास सालापासून गेलाय. तुम्ही हसायचात तो दस्ता बुर्गानं त्यासाठी केला होता. तिचाही हात चुकला नव्हता. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं, ती असताना."

हुबर्टने टोपी काढली आणि काढल्यावर तिचं काय करायचं ते त्याला कळेना.

किलियान वाईट मुलगा नाही. त्याने प्रिमुसला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं की आता ऐकल्यावर न ऐकल्यासारखं करता येणार नाही. आधी डॉक्टरचा कागद आणा, मग बघू. प्रिमुस म्हणाला, बरोबर आहे. कागद आणायला तो गेला नाही. त्या वर्षीचा नर दुसऱ्या कोणी तरी मारला आणि प्रिमुसच्या भिंतीवर शिंगं अकराच राहिली.

ओस्विनची दोन्ही गिऱ्हाइकं टिकली. अक्रोडाचा दस्ता अजून खुंटीला आहे. कोणी विचारलं तर तो म्हणतो, हा कुणाला बसायचा नाही. आत जिथे लोखंड बसायचं तिथे काजळीचे डाग आहेत, ते त्याने पुसलेले नाहीत.

मे महिन्यात एका रविवारी आम्ही दोघं प्रिमुसकडे गेलो. मी दालचिनीचा गोड पाव केला होता. तो दारासमोरच्या बाकावर बसला होता. खाली दूध वाहून न्यायची पायवाट, तिच्यापलीकडे रान. कुठेतरी लांब एक बार झाला. आम्ही तिघांनीही ऐकला आणि पाव खात राहिलो.

मग ओस्विन म्हणाला, "एकदा बघू या का, उन्हानं लाकूड फिरलंय का ते?"

प्रिमुसने आतून बंदूक आणली. उघडून आम्हाला दाखवली, रिकामी होती. त्याने डोळे मिटले, बंदूक खांद्याला लावली, गाल लाकडावर टेकवला. ओस्विन समोर गेला नाही. तो बाजूलाच उभा राहिला.

"उघडा," तो म्हणाला. "दिसतं?"

"दिसतं," प्रिमुस म्हणाला, आणि बराच वेळ त्याने बंदूक खाली केली नाही.